बिनधुराचा नवरदेव

आमच्या टाकव्यात कुणी थाप मारली की लोक म्हणायचे, "ठेव ती मिठाच्या पेटीत." बाहेरगावच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही, कारण ही म्हण माझ्या चुलत्यांमुळे पडली होती. त्यांचं नाव महिपती, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. पहिल्या लढाईत ते खेचरं हाकायला फ्रान्सला गेले होते आणि परत आले ते पोतंभर गोष्टी घेऊन. तिथले लोक बेडूक खातात. छातीएवढा बर्फ पडतो. एका गोऱ्या बाईनं त्यांच्या खेचराच्या गळ्यात फुलांचा हार घातला आणि तात्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. एवढं लोकांनी कसंबसं गिळलं. एक गोष्ट मात्र कुणाच्या घशाखाली उतरली नाही. पॅरिस शहरात नदीच्या काठानं, जमिनीखालच्या बोगद्यातून आगगाडी जाते आणि तिच्या इंजिनात आग नाही, पाणी नाही, धूर नाही.

"मधी उंच खोली आन् दोन्ही अंगाला उतरती छपरं," तात्या हातानं आकार करून दाखवायचे. "तितलं लोक तिला मिठाची पेटी म्हणत्यात. तेंच्या चुलीपाशी भितीला तसली लाकडी पेटी असती, उतरत्या झाकणाची. तिच्यात मीठ ठेवत्यात."

"मंग वढतं कोण गाडीला? मीठ?" पारावरून कुणीतरी विचारायचं आणि सगळा पार खो खो हसायचा.

तात्या चिडायचे नाहीत, हेच त्यांचं चुकलं. चिडले असते तर लोकांनी थोडंतरी खरं मानलं असतं. ते आपले तंबाखू मळत पुढची गोष्ट काढायचे. दहा वर्षांत गावात तात्यांच्या शब्दाला एवढीच किंमत उरली की ते 'पाऊस आला' म्हणाले तर बायका वाळवण उचलायच्या आधी आभाळाकडे बघायच्या.

हे सगळं आधी सांगितलं, कारण माझं लग्न मोडता मोडता राहिलं ते याच पेटीपायी, आणि जुळलंही तिच्यामुळेच.

एकोणीसशे एकोणतीस सालची दिवाळी नुकतीच झाली होती. मळवलीचं एक स्थळ आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणलं. मुलगा सोपान, रेल्वेत फायरमन. लोणावळ्याच्या शेडवर नोकरी, घरची थोडी भातशेती, माणसं बरी. आबांना स्थळ पसंत होतं. आईला आबांना पसंत ते पसंत. आमच्या घरात अडचण एकच असायची आणि तिचं नाव विठाबाई. ही आबांची थोरली बहीण, माझी आत्या. तिचा नवराही रेल्वेतच होता. घाटात गाड्या मागून वर ढकलणाऱ्या इंजिनावर तो कोळसा मारायचा. बोगद्यात धूर कोंडला की तोंडाला ओलं फडकं बांधून भट्टीपुढं बसायचा. पुढं त्याला खोकला लागला, मग काळं थुंकू लागला आणि ऐन उमेदीत गेला. तेव्हापासून आत्या आमच्याकडे होती आणि तिच्या शब्दाशिवाय घरात म्हैससुद्धा विकली जात नव्हती.

"कोळशाच्या घरात पोर देऊ नगंस, भिमा," ती आबांना म्हणाली. "मी जल्मभर धन्याच्या हातावरनं काळं पानी वतलंय. ह्या पोरीला तरी नगं."

"आक्का, रेल्वेची नोकरी हाय. समदेच काय खोकून मरत्यात व्हय?"

आबा आत्यापुढे एरवी कधी ठाम राहिले नाहीत. त्या एका बाबतीत राहिले. पाहुणे आले.

आता मला काय वाटत होतं, ते त्या काळी कुणी विचारत नसे. मी सांगते. मला भीती वाटत होती. हे स्थळ फिसकटलं तर आत्याच्या मनात सुदुंबऱ्याचा एक बिजवर होता. दोन मुलांचा बाप, मिशीला तेल लावून यायचा आणि बोलताना माणसाकडे न बघता गोठ्याकडे बघायचा. त्याच्या घरी कोळसा नव्हता एवढाच त्याचा गुण. त्यामुळे मळवलीचा मुलगा कसाही असला तरी चालेल, फक्त त्यानं गोठ्याकडे बघू नये, असा मी मनाशी सौदा केला होता.

पाहुणे ओसरीवर आले. हातपाय धुवायला पाणी द्यायला आत्या स्वतः तांब्या घेऊन गेली. हे काम खरं माझ्या आईचं किंवा गड्याचं. पण इंजिनवाल्याचे हात आत्याला आपल्या डोळ्यांनी बघायचे होते. मी दाराच्या फटीतून बघत होते. सोपाननं ओंजळ पुढे केली, आत्यानं पाणी ओतलं, त्यानं हात चोळले, आणि खाली फरशीवर पाणी पडलं ते जसंच्या तसं नितळ. आत्याचा तांब्या हवेतच थांबला. तिनं त्याच्या नखांकडे बघितलं. नखं पांढरी. मनगटावर भाजल्याचे एकदोन जुने डाग होते, पण ते तिच्या लक्षात आले नाहीत.

मग मी पोहे घेऊन गेले. घाबरून मी त्यात मीठच घातलं नव्हतं, हे मला नंतर आईनं सांगितलं. बाकीच्यांनी चार घास खाऊन ताटल्या सरकवल्या. सोपाननं ताटली पुसून खाल्ली आणि मिठाबद्दल शब्द काढला नाही. त्याचे चुलते मला म्हणाले, "जरा दारापर्यंत चालून दाखीव, पोरी." तेव्हा हा खाली मान घालूनच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. पोहे घिऊन आल्या तवा चालतच आल्या की."

तिथंच माझं ठरलं. बघा, मला काही फार मोठं लागत नव्हतं.

पुढं आबांनी सहज विचारलं, "दिवसाला कोळसा किती मारावा लागतो?"

"आता कोळसा न्हाई, आबा," सोपान म्हणाला. "बिजलीचं इंजन आलंय. वर तारा टाकल्यात, तेच्यातनं बिजली येती. मला शिकवून तेच्यावर घेतलंय, डायवरच्या हाताखाली. भट्टी न्हाई, पानी न्हाई, धूर बी न्हाई."

लोहमार्गाच्या कडेला खांब उभे राहिल्याचं आमच्यातल्या काहींनी बघितलं होतं, पण टाकवं पडलं आंदर मावळात, रूळ लांब. बिजली दिव्यात असते हे माहीत होतं. तिनं मालगाडी ओढायची म्हणजे काय?

तेवढ्यात कोपऱ्यातून तात्या ओरडले, "मी म्हणत हुतो! धा वरसं म्हणतोय! मिठाची पेटी!"

झालं. एखाद्या साक्षीदारानं बाजू घेऊन फिर्याद बुडवावी तसं झालं. आबांचा चेहरा पडला. आत्यानं पदर कमरेला खोचला. पाहुणे वाटेला लागल्यावर तिनं घर डोक्यावर घेतलं.

"ह्येला रेल्वेनं घरी बशिवलाय, लिहून घ्या. नवी इंजनं आली, कोळसा मारणारी मानसं कमी केली, आसं बाजारात लोक बोलत्यात. हात बघितलंस का तेचं? माझ्या धन्याचं हात दगडानं घासलं तरी पानी काळंच पडायचं. सा म्हयनं घरी ऱ्हायला तरी नखात काळं हुतं. ह्यो कुटं तरी बंगल्यावर चाकरीला आसंल, आन् सांगतोय इंजन."

मला हसू यावं की रडू, कळेना. कोळशाचं घर नको म्हणून जी भांडत होती, ती आता कोळसा नाही म्हणून भांडत होती. पण तिचीही बाजू होती. एकदा नवऱ्याच्या नोकरीवर जन्म टाकून ती फसली होती. दुसऱ्यांदा ती कुणाच्या शब्दावर जाणार नव्हती.

सोपानच्या वडिलांकडून, कोंडाजींकडून, निरोप आला. शंका असेल तर बुधवारी दुपारी लोणावळ्याच्या ठेसनावर या. पोराची मालगाडी पुण्याकडून येते. घाट उतरायच्या आधी गाडीचे ब्रेक तपासतात, म्हणून ती तिथं उभी राहतेच. पोरगा इंजिनात असेल. कामावर असल्यामुळे खाली उतरता येणार नाही, पण तो हात करील, डोळ्यांनी बघून घ्या.

यापेक्षा सरळ माणूस काय करणार?

आबा आणि आत्या निघाले. तात्या पटका बांधून दारात उभे राहिले, तर आबा म्हणाले, "तू हितंच ऱ्हा, बाबा. तू आलास म्हंजी खऱ्याचं बी खोटं व्हईल." तात्यांनी पटका सोडला आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. त्यांना वाईट वाटलं होतं. मला दिसलं.

बैलगाडीनं कामशेत आणि तिथून गाडीनं लोणावळा. दिवस मावळताना दोघं परत आले आणि आत्याच्या चालण्यावरूनच मला कळलं. ती अंगणात शिरली ती चप्पल न काढता.

"इंजन आलंच न्हाई," तिनं आईला सांगितलं. "मी ठेसनाची जुनी माहितगार. गाडी आली की इंजन पयलं नळावर जातंय, पानी प्यायला. मी भिमाला थेट नळापाशी नेऊन उभा केला. मालगाडी आली. लय लांब. नळावर काळं कुत्रं आलं न्हाई."

"मग गाडी ओढली कुणी?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"आसंल मागनं ढकलणारं! घाटात आसतंय तसं. पुढं तर कसला तरी लांबलचक डबा हुता. धुराडं न्हाई की काय न्हाई. तेच्यात एक मानूस पांढराधोट पंचा हालवत हुता. आमच्या मागं कुनी सायेब आसंल, तेला."

"त्यो सोपान तर नव्हं?" आईनं भीत भीत विचारलं.

"इंजनवाल्याकडं पांढरा पंचा?" आत्या म्हणाली.

आबा ओसरीच्या कडेला बसून राहिले. स्थळ त्यांनी आणलं होतं, लाज त्यांचीच गेली होती. शेवटी ते म्हणाले की उद्या गाडीवान गेणू कामशेतला चाललाच आहे, तर त्यानं पुढं मळवलीला जाऊन 'योग नाही' एवढं सांगून यावं. भांडण नको. आत्यानं मान हलवली. मग सुदुंबऱ्याचं नाव निघालं आणि मी भांडी घासायच्या निमित्तानं परसात गेले. तिथं मी रडले. सांगायला लाज कसली, चांगली हुंदके देऊन रडले. ज्या माणसानं माझे अळणी पोहे पुसून खाल्ले तो खोटारडा असेल हे माझ्या मनाला पटत नव्हतं, पण मनाला पटत नाही हे ओसरीवर सांगायचं कारण होऊ शकत नाही.

सकाळी मी धुणं घेऊन नदीवर गेले. आबांचं धोतर, पटका, आत्याचं लुगडं, सगळं प्रवासातलं. आमच्याकडे आगगाडीचा प्रवास झाला की त्या धुण्याला कुणी हात लावायला मागत नसे. ते माझ्या वाट्याचं. धोतरावर कोळशाची बारीक काळी भुकटी बसलेली असायची, पटक्याच्या घड्यांत तर चिमटीनं काढावी एवढी. पाण्यात घातलं की पहिलं पाणी शाईसारखं निघायचं. आत्या खिडकीशी बसणारी, तिच्या लुगड्याचं तर विचारू नका.

मी धोतर बुडवलं, धोंड्यावर दोनदा आपटलं आणि पिळलं. पाणी निघालं ते धुळीचं, जरासं मातकट. मी परत बुडवलं, परत पिळलं. पटका उलगडला, घडी न् घडी बोटानं चाचपली. भुकटी नाही. लुगड्याचा खिडकीकडचा पदर नाकाला लावला. घामाचा वास होता, गाडीच्या बैलांचा होता. धुराचा नव्हता.

मी तिथंच पाण्यात उभी राहिले. माझ्या पायांना गार लागत होतं आणि डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. ही दोघं कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत आणि परत, कशात बसून गेली?

धुणं तसंच टाकून, नुसतं ओलं धोतर हातात घेऊन मी घराकडे धावले. वाटेत शेजारच्या शालूबाईनं "काय झालं गं?" म्हणून हाक मारली, तिला उत्तर दिलं नाही. अजूनही ती ते काढते.

ओसरीवर आबा, आत्या आणि तात्या तिघंही होते. मी धोतर आबांच्या पुढ्यात धरलं.

"आबा, ह्ये बघा."

"काय बघू? वलं हाय."

"काळं हाय का? पटक्यात कोळसा हाय का? आत्या, तुज्या लुगड्याला धुराचा वास येतो का? मी काल तुमचं डोळं बघितलं, लाल बी नव्हतं. गाडीतनं आल्यावर तू आठ दिस डोळं चोळत आसतीस."

आबांनी धोतराचा कोपरा उलटापालटा केला.

"काल वारं उलटं आसंल," आत्या म्हणाली. "मी म्हनलंच भिमाला, आज डोळ्यात काय गेलं न्हाई."

"जाताना बी उलटं आन् येताना बी उलटं?" आबा हळूच म्हणाले. "आक्का, आन् भकभक बी कुटं झाली? मला वाटलं, गाडी घसरत चाललीया. आपुन शेवटच्या डब्यात चढलो. पुढं काय जोडलंय ते बघितलंच न्हाई आपुन."

तेवढ्यात तात्या पुढे सरकले. "दादा," ते म्हणाले, "त्यो पुढचा डबा कसा हुता? पंचा हालवत हुता त्यो?"

"कसा म्हंजी... मधी उंच खोली. दोन्ही अंगाला लांब, बसकी नाकाडं. चाकाला दांडं, खेकड्याच्या नांगीवानी हालणारं. वरनं तारेला कायतरी टेकलेलं..."

आबांचे हात हवेत तोच आकार करत होते, जो तात्या दहा वर्षं पारावर करत आले होते.

कुणी हसलं नाही. तात्यांनीही 'मी म्हणत हुतो' असं म्हटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "गेणू गेला का?"

गेणू केव्हाच गेला होता.

मग जी धावपळ झाली! आबा बैल शोधू लागले, आई उगाच देवापुढं गेली, आणि ज्या आत्यानं हे सगळं केलं होतं तीच ओरडली, "महिपती, पळ! टेकडीवरनं पळ! निरोप गेला तर पोरीचं वाटुळं व्हईल!" तात्यांनी पटका बांधला नाही, वहाणा घातल्या नाहीत. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पण डोंगरातून खेचरं हाकलेले पाय होते. ते टेकडी चढताना मला दिसत राहिले आणि मग दिसेनासे झाले. मी दारातून हलले नाही. माझ्या हातातलं धोतर वाळून गेलं.

गेणूइतका आळशी गाडीवान आंदर मावळात दुसरा नव्हता, त्याला मी लहानपणापासून नावं ठेवत आले होते. त्या दिवसापासून बंद केलं. तात्यांना तो कामशेतच्या अलीकडे ओढ्याकाठी सापडला, बैल सोडून झाडाखाली आडवा, तोंडावर मुंडासं. तात्यांनी त्याला उठवलं, गाडीत बसले आणि तसेच मळवलीला गेले. 'योग नाही'च्या जागी 'साखरपुड्याला कधी येता' हा निरोप त्यांनी दिला. वर कोंडाजींच्या ओसरीवर बसून फ्रान्सच्या सगळ्या गोष्टीही सांगून आले. मळवलीकरांनी सगळ्या खऱ्या मानल्या, बाईनं खेचराला हार घातला तीसुद्धा.

ते परत आले तेव्हा अंगणातूनच त्यांनी हात वर केला. मी उंबऱ्यावर बसकण मारली. आई मला जवळ घेऊन रडली, आबा खोकत खोकत गोठ्याकडे गेले. आत्या मात्र चुलीपुढं बसून होती. मी तिच्याजवळ गेले तर ती माझ्याकडे न बघता बोलू लागली.

"त्यो इंजनावर हाय आन् हात धुतलं तरी पानी काळं व्हत न्हाई. म्हंजी छातीत बी जात नसंल."

"काय?"

"कोळसा गं. हाताला लागत न्हाई, तर छातीत तरी कुटनं जाईल?" तिनं फुंकणी खाली ठेवली. "मला खोटं वाटलं, कारन मला कुनी सांगितलंच न्हाई आसं बी आसतंय म्हनून. माझ्या येळंला न्हवतं ते."

मी तिचा हात धरला. इतकी वर्षं मी तिला भीत आले होते. त्या दिवशी मला तिची दया नाही आली, माया आली.

साखरपुड्याआधी तात्यांना एकदा लोणावळ्याला न्यायचं आबांनी मनावर घेतलं, हे मला फार आवडलं. परत येऊन आबा सांगत होते की तात्या त्या इंजिनापुढे उभे राहिले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हिची आई हाय तिकडं. मी बघितलीया." लोणावळ्यात तोवर लोकांनी त्या इंजिनाला खेकडा म्हणायला सुरुवात केली होती. टाकव्यात ते कधी खेकडा झालं नाही. आमच्या गावाच्या बोलण्यात आजही घाटातून मालगाडी येते ती मिठाच्या पेटीला जोडून येते. ती म्हण मात्र उलटी फिरली. आता एखादी गोष्ट ऐकायला खोटी वाटली पण खरी निघाली, की लोक म्हणतात, "मिठाच्या पेटीतली हाय." तात्या दोन-चार दिवस जरा उदासच होते. त्यांच्यावर कुणी हसत नव्हतं, आणि त्यांना त्याची सवय नव्हती.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. दुसरी लढाईही संपली. सोपान, मी त्यांचं नाव लिहिते आहे, घेत नाही, त्याच इंजिनावर डायवर झाले. ते घाट उतरून येतात आणि त्यांचा सदरा मी साध्या पाण्यात धुते. अळणी पोह्यांबद्दल त्यांनी लग्नानंतर वर्षभर काही सांगितलं नाही. मग एकदा मीच विचारलं, तर म्हणाले, "भूक लागलेली. आन् तू बघत हुतीस दाराच्या फटीतनं."

पण मला सांगायचं आहे ते साखरपुड्याच्या दिवसाचं. पाहुणे अंगणात आले. गडी तांब्या भरून पुढे झाला, तर आत्यानं त्याच्या हातातून तो काढून घेतला. सोपान जरा बिचकले, कारण मागल्या वेळी याच बाईनं त्यांच्या हातांकडे कसं बघितलं होतं ते त्यांना आठवत होतं. त्यांनी ओंजळ पुढे केली. आत्या पाणी ओतू लागली, अगदी बारीक धार. ते हात चोळत राहिले. फरशीवर पाणी पसरत गेलं, उन्हात तळ दिसावा असं. तांब्या रिकामा झाला. तिनं घागरीतून परत भरला आणि परत ओतू लागली.

"आत्याबाई," ते संकोचून म्हणाले, "सोच्छ हायती हात. मागल्या टायमाला बी हुते."

"ठावं हाय रं, लेकरा," आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "मला बघू दे जरा."